सुकती, मावठा आणि चौदा जण: एका पक्षीनिरीक्षण दौऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे आणि नाशिकच्या चौदा जणांनी जानेवारीच्या अखेरीस गुजरातेत सहा दिवसांचा दौरा काढला. ही सहल कुठल्या प्रवासी कंपनीची नव्हती. रविवारी सकाळी तलावावर भेटणारी ओळखीची मंडळी, सगळ्यांनी मिळून काढलेली वर्गणी, एक सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आणि हिशेबाची वही सांभाळणारे निवृत्त बँक अधिकारी, असा सगळा जमाखर्च होता. या गृहस्थांना सगळे काका म्हणत, म्हणून इथेही काकाच म्हणू. काका, दोन्ही ठिकाणचे स्थानिक मार्गदर्शक आणि दौऱ्यातले काही जण यांच्याशी बोलून हे लिहिलं आहे. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

गट मिश्र होता. पाच जणांकडे लांब लेन्सचे कॅमेरे होते. चार जण नुकतेच दुर्बीण हाताळायला शिकलेले. एक सत्तरीच्या आसपासचं जोडपं, त्यातल्या काकूंचा गुडघा दुखरा. उरलेले तिघं यादीवाले, म्हणजे पक्ष्याला पाहिल्यावर आधी वहीत खूण करणारे.

मार्ग मात्र विचार करून आखलेला होता. आधी जामनगर. शहराजवळच्या खिजडियाला नवानगर संस्थानाच्या काळात समुद्राचं खारं पाणी शेतांकडे सरकू नये म्हणून बांध घातला गेला. त्या बांधामुळे एका अंगाला गोडं पाणी साठलं आणि दुसऱ्या अंगाला खाजण, मिठागरं आणि तिवरं राहिली. बांधावर उभं राहून डावीकडे पाणकोंबड्या आणि बदकं बघायची, उजवीकडे वळून रोहित (फ्लेमिंगो) आणि चिखल्ये बघायचे, अशी सोय दुसरीकडे क्वचितच मिळते. २०२२ साली या जागेचा रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, जाहीर झाला. दुसरा टप्पा नराऱ्याचा. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. १९८२ साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. ओहोटीला इथे समुद्रतळावरून चालत जाता येतं. तिसरा टप्पा कच्छचं छोटं रण आणि शेवटचा वेळावदरचा गवताळ प्रदेश. भावनगरच्या संस्थानिकांचं हे राखीव कुरण. तिथे पूर्वी पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चाले.

म्हणजे पहिले तीन दिवस समुद्राच्या हातात आणि पुढचे तीन मोकळ्या रानाच्या. या दोघांची घड्याळं वेगळी चालतात. प्रकरण घडलं ते त्यामुळे.

पहिली अडचण: घड्याळ कोणाचं?

काकांनी घरी बसून केलेला कार्यक्रम सरळ होता: पहाटे निघायचं, दहापर्यंत पक्षी बघायचे, परत येऊन नाश्ता. माळावर हे बरोबर आहे. किनाऱ्यावर या वेळापत्रकाला अर्थ नाही, कारण तिथे चिखल्या आणि तुतवार सूर्य बघून चरत नाहीत. पाणी ओसरलं की ते चिखलावर दूरवर पांगतात आणि नुसते ठिपके दिसतात. पाणी चढलं की जमीन आक्रसत जाते आणि सगळे थवे उरलेल्या कोरड्या जागेवर, बांधावर किंवा मिठागरात दाटीवाटीने येऊन बसतात. जवळून बघायचे तर भरतीला, आणि समुद्रतळावर चालायचं तर ओहोटीला.

गटातल्या एका सदस्याचं बालपण रत्नागिरीत गेलेलं. त्यांनी कोकणातला जुना हिशेब काढला. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. नराऱ्याचा दिवस वद्य द्वितीयेचा होता. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. हिशेब कोकणासाठी साधारण बरोबर आहे. पण कच्छचं आखात एका बाजूला बंद आहे. भरतीची लाट ओख्याकडून आत शिरते आणि आत सरकत जाताना उंचावत आणि उशीर करत कांडल्याकडे पोचते. त्यामुळे एकाच आखातात बंदरागणिक वेळ वेगळी. जामनगरच्या मार्गदर्शकाने फोनवर काकांना सांगितलं की जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, मुंबईचं नको आणि पंचांगाचंही नको. बघितल्यावर तासाभराचा फरक निघाला. तळाची ओहोटी साडेआठच्या आसपास होती.

तासाचा फरक घरी बसून किरकोळ वाटतो. सव्वासातच्या हिशेबाने गेले असते तर अंधारात, सूर्योदयाच्याही आधी, अजून ओसरणाऱ्या पाण्यात उतरावं लागलं असतं आणि उजेड येईपर्यंत सगळे थकले असते. काकांनी कार्यक्रम बदलला. हा निर्णय सोपा होता, कारण तो घरून, चहा पीत आणि एकट्याने घ्यायचा होता.

नराऱ्याला काय झालं

त्या दिवशी उजाडता उजाडता गट पाण्यात उतरला. जाड तळव्यांचे बूट, हातात काठी. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, हे वनखात्याच्या माणसाने बजावलं. मार्गदर्शकाने आणखी एक गोष्ट सांगितली: पावणेनऊला सगळ्यांनी तोंड किनाऱ्याकडे करायचं.

किलोमीटरभर आत गेल्यावर खडकाच्या पार कडेला क्रॅब प्लवरचा थवा दिसला. पांढरे-काळे, जाड चोचीचे, उंच पायांचे. हा पक्षी आपल्या कुळात एकटाच आहे. अरबी समुद्राच्या आणि इराणच्या आखाताच्या किनाऱ्यांवर तो वाळूत बीळ खोदून अंडं घालतो, चिखलावर चरणाऱ्या किनारी पक्ष्यांत अशी घरटी दुसरं कोणी करत नाही. हिवाळ्यात तो कच्छच्या आखातात येतो आणि खेकडे फोडून खातो. कॅमेरावाल्या पाचांपैकी तिघांनी खास यासाठी सुट्टी काढली होती. थवा फोटोच्या पल्ल्याबाहेर होता आणि घड्याळात आठ चाळीस झाले होते.

आणखी दोनशे मीटर गेलं तर काय बिघडतं? समोर बघितलं तर काहीच नाही. समोर कोरडं होतं. अडचण पाठीमागे असते. अशा सपाट तळावर भरती समोरून लाटेसारखी येत नाही. ती आधी मधल्या घळींमध्ये, नाल्यांमध्ये शिरते. तुम्ही ज्या उंचवट्यावर उभे आहात तो कोरडा असताना तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधला नाला भरलेला असतो. काकूंचा गुडघा लक्षात घेता मार्गदर्शकाने पावणेनऊ ही वेळ मुद्दाम थोडी आधीची धरली होती.

काकांनी सगळ्यांना परत फिरवलं. दोघे कॅमेरावाले 'आलोच' म्हणून पुढे सरकले. मार्गदर्शकाचा मदतनीस मुलगा त्यांच्यासोबत थांबला. ते वीस मिनिटांनी आले, शेवटचा नाला गुडघाभर पाण्यातून पार करत. कोणाला काही झालं नाही. फोटो मिळाले, तेही चांगले. किनाऱ्यावर मात्र काका आणि ते दोघे यांच्यात जे बोलणं झालं ते सगळ्यांसमोर झालं, आणि नंतर दिवसभर गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

माझ्या मते इथे चूक त्या दोघांची जितकी होती तितकीच सांगण्याच्या पद्धतीची. पावणेनऊची सूचना किनाऱ्यावर, वाऱ्यात, हिंदीत आणि बूट चढवण्याच्या गडबडीत दिली गेली. अर्ध्यांना ती ऐकूच आली नाही. ज्यांना आली त्यांना ती वेळ पाळण्याची आहे की 'साधारण' आहे हे कळलं नाही. वेळ का ठरवली, नाला कुठे आहे, हे आदल्या रात्री जेवताना कागदावर काढून दाखवलं असतं तर त्या दोघांनीही ऐकलं असतं, असं त्यांच्यापैकी एकाने नंतर मला सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, 'मी तरीही गेलो असतो.'

दुपारच्या भरतीला मिठागरांच्या बांधावर हाच गट अडीच तास बसला. पाणी चढत गेलं तसे थवे मागून मागून येत राहिले. नवशिक्या चौघांचा हा सगळ्यात आवडता वेळ ठरला, कारण पहिल्यांदाच पक्षी त्यांच्याकडे येत होते. क्रॅब प्लवर त्यात नव्हते.

दुसरी अडचण: मावठा

तिसऱ्या दिवशी सकाळी खिजडियाचा दुसरा भाग बघून गाडी छोट्या रणाकडे निघाली. संध्याकाळी मुक्कामी पोचले तेव्हा आभाळ भरलं होतं. रात्री दोन तास पाऊस झाला.

छोट्या रणाची जमीन समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पावसाळ्यात नद्यांचं आणि समुद्राचं पाणी इथे पसरतं. मग उंचवटे, ज्यांना तिथे बेट म्हणतात, तेवढेच वर राहतात. दिवाळीनंतर पाणी आटतं, वर कडक पापुद्रा धरतो आणि त्यावरून जीपा सुसाट धावतात. पापुद्र्याखाली मात्र ओल राहते. हिवाळ्यात अवकाळी सर आली की वरचा थर साबणासारखा होतो आणि चाक एकदा फिरलं की खाली जातं. याच काळात अगरिया कुटुंबं रणात राहून मीठ पिकवत असतात. जीप रुतली की ओढायला त्यांचाच ट्रॅक्टर बोलावतात आणि त्यांचा अर्धा दिवस जातो. आणि ओल्या जमिनीवर पडलेल्या चाकोऱ्या पुढचा पावसाळा येईपर्यंत बुजत नाहीत.

सकाळी रणाच्या मार्गदर्शकाने जमिनीत टाच दाबून बघितली आणि सांगितलं, 'आजे नहीं. काले जोइए.' वारा सुटला आणि ऊन पडलं तर उद्या सकाळी, नाहीतर उद्याही नाही.

कार्यक्रमाप्रमाणे या दिवशी रण आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळावदरकडे प्रस्थान होतं. वेळावदरला संध्याकाळी पोचणं महत्त्वाचं, कारण तिथलं मुख्य दृश्य संध्याकाळचं आहे. युरोप आणि मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे भोवत्या (हॅरिअर, म्हणजे शिकारी पक्षी) दिवसभर आसपासच्या शेतांवर टोळ टिपतात आणि दिवस मावळताना राष्ट्रीय उद्यानातल्या गवतात जमिनीवर रात्र काढायला उतरतात. हा जगातल्या सगळ्यात मोठ्या भोवत्या-वस्त्यांपैकी एक मानला जातो. एके काळी तिथे एका संध्याकाळी हजारांनी पक्षी मोजले गेले आहेत. आताची संख्या खूप कमी झाली आहे, तरी पाहण्यासारखीच आहे.

कोणते पर्याय होते

कॅमेरावाल्यांनी नाश्त्याआधीच फोन फिरवून शेजारच्या गावातला एक फोर-व्हील ड्राइव्हवाला शोधला होता. तो जास्त पैसे घेऊन आजच आत न्यायला तयार होता. त्यांना हवा होता हुबारा, माळढोकाचा हिवाळी पाहुणा नातेवाईक, जो रणाच्या खुरट्या झुडपांत दबकून चालतो आणि गाडी मागे लागली की उडून लांब जातो.

दुसरा पर्याय नळसरोवराचा. १२० चौरस किलोमीटरचं उथळ सरोवर, नावेने फिरायचं. पण शनिवार होता, गर्दी असणार, आणि वाऱ्यात उघड्या नावेत काकूंना बसवायला काका तयार नव्हते. तिसरा पर्याय रण सोडून थेट वेळावदरला जायचं. तिथे त्या रात्रीची राहण्याची सोय नव्हती. चौथा: आज रणाच्या कडेची तळी आणि शेतं, जिथे डांबरी रस्त्याने जाता येतं, ती पायी बघायची आणि उद्या सकाळी जमीन वाळली तर रणात शिरायचं. मग वेळावदरची संध्याकाळ हातची जाणार.

पहिला पर्याय काकांनी चर्चेलाही घेतला नाही. इथल्या माणसाने नाही म्हटलं आहे, तर ग्रुपच्या नावावर कोणी जाणार नाही. स्वतःच्या जबाबदारीवर जायचं असेल तर आत्ता लिहून द्या आणि परतीचं तुमचं तुम्ही बघा. नराऱ्याची घटना ताजी होती आणि त्यांचा सूर वाजवीपेक्षा कडक झाला. कोणी लिहून दिलं नाही.

त्या दिवशी त्या फोर-व्हील ड्राइव्हवाल्याने दुसऱ्या एका गटाला आत नेलं आणि संध्याकाळी सुखरूप परत आणलं. ही बातमी जेवणाच्या वेळी पोचली. अशा वेळी सगळ्यांची नजर संयोजकाकडे वळते. एक जीप रुतली नाही यावरून जमीन वाळली होती असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण थकलेल्या, पैसे भरलेल्या माणसांना ते रात्री साडेआठला पटवता येत नाही. काकांनी पटवण्याचा प्रयत्नही केला नाही, आणि ते बरंच केलं.

मतदान

उद्याचा प्रश्न उरला. सकाळी रण, की सकाळीच वेळावदरकडे? काकांनी हात वर करायला सांगितले. आठ जण रणाच्या बाजूने, सहा जण वेळावदरच्या.

या सहांमध्ये ते ज्येष्ठ जोडपं होतं. काकू तोपर्यंत कधीच काही बोलल्या नव्हत्या. मत हरल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या या दौऱ्याला फक्त भोवत्यांसाठी आल्या होत्या. नराऱ्याला गुडघा दुखवून चालल्या त्याही इतरांची गैरसोय नको म्हणून. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये रक्तगट विचारला होता, कांदा-लसूण चालतो का ते विचारलं होतं, खालचा बर्थ हवा का तेही होतं. कशासाठी येताय, हा प्रश्न नव्हता.

मतदान हा दिसायला न्याय्य मार्ग आहे, पण तो सगळ्या इच्छांना सारखं वजन देतो. रणाच्या बाजूच्या आठांपैकी तिघांना खरं तर दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. शेजारी बसलेल्याचा हात वर गेला म्हणून त्यांचा गेला. काकूंचं मत आणि त्यांची मतं एकाच मापाने मोजली गेली. आधी प्रत्येकाला एका वाक्यात बोलायला लावलं असतं तर निकाल बदलला असता की नाही सांगता येत नाही, पण गट विभागण्याचा पर्याय तरी पुढे आला असता. सहा जणांसाठी एक वेगळी गाडी करून त्यांना सकाळीच पुढे पाठवता आलं असतं. खर्च वाढला असता. विचारलं कोणी नाही, म्हणून तो किती हेही कळलं नाही.

निष्पत्ती

रात्री वारा सुटला. सकाळी मार्गदर्शकाने पुन्हा टाच दाबली आणि दोन जीपा आत नेल्या, पण ठरलेल्या चाकोरीवरून आणि एका बेटापर्यंतच. रानगाढवं भरपूर दिसली. हुबारा एक दिसला, तीनशे मीटरवर, झुडपाआड अर्धा. मार्गदर्शकाने गाडी थांबवली आणि जवळ नेण्यास नकार दिला. यादीवाले खूश, कॅमेरावाले नाखूश. डेमॉइझेल क्रौंचांचा मोठा थवा आदल्या दिवशीच, कडेच्या कापणी झालेल्या शेतात सगळ्यांनी निवांत बघितला होता, आणि दौऱ्यातला सर्वोत्तम फोटो त्या 'वाया गेलेल्या' दिवसाचा आहे यावर पाचही कॅमेरावाल्यांचं एकमत आहे.

वेळावदरला गाडी अंधार पडल्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडताच ते आत गेले. सकाळी भोवत्या एकेक करून, कमी उजेडात, वेगवेगळ्या दिशांना उठून जातात. संध्याकाळचा तो एकत्र उतरणारा देखावा सकाळी नसतो. काकूंना दहा-बारा पक्षी दिसले, काळवीट दिसले, एक लांडगाही दिसला. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी त्या आणि त्यांचे यजमान दोघेच वेळावदरला चार दिवस जाऊन राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

मुक्कामांचा क्रम उलटा ठेवता आला असता. भरती-ओहोटीची वेळ महिनाभर आधी कळते, पावसाची कळत नाही. ज्या टप्प्याची वेळ ठाम आहे तो कुठेही ठेवा, पण ज्याला हवामान अडवू शकतं त्याच्यामागे एक मोकळा दिवस हवा. सहा दिवसांत चार ठिकाणं कोंबल्यावर तो दिवस उरलाच नाही. खिजडियाला दोन अर्धे दिवस देण्याऐवजी एकच दिला असता तर मावठ्यानंतरही दोन्ही गोष्टी झाल्या असत्या. यावर जामनगरचा मार्गदर्शक सहमत नाही. त्याच्या मते खिजडियाला दोन दिवसही कमीच, काढायचं तर नरारा काढा.

परत फिरण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्याआधी ठरलं नव्हतं. नराऱ्याला तो काकांनी वापरला, रणात मार्गदर्शकाने, आणि वेळावदरच्या बाबतीत बहुमताने. तीन ठिकाणी तीन पद्धती. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे स्थानिक माणसाचा शब्द अंतिम, आणि पसंतीचा प्रश्न असेल तिथे चर्चा, एवढी एक रेघ आधी आखली असती तर नराऱ्याचं भांडण किनाऱ्यावर झालं नसतं. मतदानाला मी सरसकट विरोध करणार नाही, पण ते शेवटी यावं.

कॅमेरावाले आणि बाकीचे यांना एकाच गाडीत बसवणं हा जुनाच वाद आहे. एकाला पक्ष्याजवळ अर्धा तास हवा, दुसऱ्याला पाच मिनिटांत पुढे जायचं असतं. काकांच्या गटाने पुढच्या दौऱ्याला दोन छोट्या गाड्या केल्या आणि फॉर्ममध्ये रक्तगटाच्या वर एक रकाना टाकला: हुकला तर सगळ्यात जास्त वाईट वाटेल असा एकच पक्षी किंवा जागा लिहा.

एक मुद्दा अजून मिटलेला नाही. रद्द झालेल्या दिवसाचे रणातल्या जीपवाल्यांना पूर्ण पैसे द्यायचे की अर्धे? गाड्या दारात उभ्या होत्या, चालक पहाटेपासून थांबले होते, आणि नकार त्यांच्याच माणसाने, गटाच्या भल्यासाठी दिला होता. काकांनी अर्धे दिले. काहींच्या मते तेही जास्त होते. माझ्या मते पूर्ण द्यायला हवे होते, कारण पाऊस पडल्यावर नाही म्हणणारा मार्गदर्शक स्वतःच्या कमाईला नाही म्हणत असतो, आणि पुढच्या गटाला तो किती सहज नाही म्हणेल हे या हिशेबावरही ठरतं. वहीत त्या रकमेपुढे काकांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलेलं आहे.